डीसीटी बाईक डी मध्ये जात नाही, मीटरवर आडवी रेघ ब्लिंक होतेय? गिअरबॉक्स उघडायच्या आधी हे बघा

होंडाच्या डीसीटी (ड्युअल क्लच ट्रान्समिशन, म्हणजे क्लचची लिव्हर नसलेल्या आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाड्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच. गाडी सुरू होते पण एन (न्यूट्रल) वरून डी (ड्राईव्ह) मध्ये जातच नाही, नाहीतर चालता चालता गिअरच्या आकड्याच्या जागी आडवी रेघ ब्लिंक व्हायला लागते, मग चावी बंद करून परत चालू केली की काही दिवस सगळं व्यवस्थित आणि परत तेच. आफ्रिका ट्विन २०१७ मध्ये भारतात आली ती डीसीटीच आली, गोल्ड विंगवाले आहेत, आता एक्स-एडीव्ही पण आलीय, म्हणजे आपल्याकडे या गाड्या बऱ्यापैकी झाल्यात, पण शहर सोडलं की यातलं कळणारा मेकॅनिक मिळणं मुश्किल. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ही तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या आत काहीच झालेलं नसतं. गिअर टाकायचा की नाही हे ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला मिळणारी कुठली तरी माहिती किंवा करंट गडबडलेला असतो म्हणून तो नाही म्हणतो. त्यामुळे "क्लच प्लेट गेल्या, इंजिन खाली घ्यावं लागेल" असं कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं तर तिथून गाडी घेऊन या.

आत काय चालतं ते थोडक्यात. दोन क्लच असतात, एक १-३-५ साठी आणि दुसरा २-४-६ साठी (गोल्ड विंगला सातवा पण आहे, तो पहिल्या क्लचवर). हे क्लच दाबले जातात इंजिन ऑईलच्याच प्रेशरने, ते प्रेशर कमी-जास्त करायला सोलेनॉइड (करंटवर चालणारे) व्हॉल्व्ह, किती प्रेशर आलं ते मोजायला सेन्सर, आणि शिफ्ट ड्रम फिरवून गिअर लावायला एक इलेक्ट्रिक मोटर. म्हणजे ऑईल आणि करंट या दोन्हीवर सगळा खेळ आहे. इंजिन बंद असलं की ऑईलला प्रेशर नाही, प्रेशर नाही म्हणजे दोन्ही क्लच सुटलेले, म्हणूनच ही गाडी ढकलून स्टार्ट होत नाही आणि म्हणूनच तिला वेगळा पार्किंग ब्रेक दिलाय. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सगळ्यात आधी एक काम करा, प्रॉब्लेम नेमका कधी येतो ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि जमलं तर मीटरचा व्हिडिओ काढा. सकाळी थंड इंजिनला येतो की तासभर ट्रॅफिकमध्ये तापल्यावर, गाडी उभी असताना की चालताना, धुतल्यानंतर, पावसात, खड्ड्यात आदळल्यावर, हँडल पूर्ण वळवल्यावर, आणि गिअर कुठला होता. सर्व्हिस सेंटरला गाडी नेली की नेमकी तेव्हा ती शहाण्यासारखी वागते हा सगळ्यांचा अनुभव आहे, तेव्हा हा व्हिडिओच कामाला येतो.

जे बिघाड नाहीतच

काही गोष्टी गाडी मुद्दाम करते. साईड स्टॅण्ड खाली असेल तर डी लागणार नाही. थ्रॉटल थोडा जरी उघडा असेल तरी लागणार नाही, आणि इथे बऱ्याच जणांचं होतं असं की जाड ग्लोव्हज घालून उजव्या हाताच्या अंगठ्याने डी चं बटण दाबताना मनगट नकळत वळतं आणि थ्रॉटल हलतो. ज्यांनी ग्रिपवर तळहात टेकवायचा क्रूझ असिस्टचा प्लास्टिकचा तुकडा लावलाय त्यांचं तर हमखास. मनगट खाली सोडा, थ्रॉटल पूर्ण बंद आहे याची खात्री करा आणि मग बटण दाबा. महाबळेश्वरला पहाटे गाडी स्टार्ट केली आणि आयडल चढलेला असेल तर तो खाली बसेपर्यंत थांबा.

डी टाकल्यावर "टक" असा आवाज येतो तो पहिला गिअर लागल्याचा, थंडीत जरा जास्तच येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मॅन्युअल मोडमध्ये प्लस दाबूनही गिअर वर जात नसेल तर आधी स्पीड बघा, स्पीड त्या गिअरला कमी असेल तर गाडी ऐकणार नाही, आणि मायनसने आरपीएम लाल रेषेच्या पुढे जाणार असेल तरीही ऐकणार नाही. घाटात डी मोडमध्ये गाडी सारखी वरखाली गिअर बदलते ही पण तक्रार येते, पण डी मोड बनवलाच आहे पेट्रोल वाचवायला, तो लवकर वरचा गिअर टाकतो. वरंध किंवा माळशेज चढताना एस (स्पोर्ट) वर टाका, त्यातही आफ्रिका ट्विनला एस च्या तीन पायऱ्या आहेत, तिसऱ्या पायरीवर गिअर बराच वेळ धरून ठेवते आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग पण चांगलं मिळतं.

आणि एक, गाडी सेंटर स्टॅण्डवर किंवा पॅडॉकवर लावून इंजिन चालू ठेवून मागचं चाक फिरवलं (चेन साफ करताना लोक करतात, कृपया करू नका, बोटं जातात) किंवा पुढचं चाक हवेत उचललं गेलं तरी ती रेघ ब्लिंक होऊ शकते, कारण दोन्ही चाकांचा स्पीड जुळत नाही. चावी बंद करून परत चालू केली की जाते आणि परत आपोआप येत नाही. असं झालं असेल तर तो विषय तिथेच संपला. डी मध्ये टाकली आणि इंजिन ओढतंय पण गाडी अडून बसतेय, असं असेल तर क्लचला दोष द्यायच्या आधी पार्किंग ब्रेकची लिव्हर बघा.

बॅटरी आणि तिच्या वायरी

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. साध्या गाडीला बॅटरी जरा मान टाकत असली तरी एकदा स्टार्ट झाली की चालून जातं, डीसीटीला तसं चालत नाही, शिफ्ट मोटर प्रत्येक गिअरला करंट ओढते आणि व्होल्टेज क्षणभर जरी पडलं तरी ईसीयू ते बघतो. साधी लेड ॲसिड बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मग पुढचं बोला. इंजिन चालू असताना थोडा आरपीएम दिल्यावर १४ ते १४.५ च्या दरम्यान यायला पाहिजे. सेल्फ मारताना १० च्या खाली जात असेल तर बॅटरी संपत आली. ११०० सीसीच्या आफ्रिका ट्विनला लिथियम बॅटरी येते, तिचे आकडे वेगळे, ती उभ्या गाडीत १३ च्या वर दाखवते, १२.६ दाखवत असेल तर ती चांगली नव्हे, बऱ्यापैकी उतरलेली आहे. तिला चार्जर पण लिथियमचाच लावायचा.

आता महत्त्वाचं. बॅटरी चांगली असून टर्मिनल वाईट असणं हा प्रकार फार दिसतो. ओळखीच्या एकाची आफ्रिका ट्विन ताम्हिणीत भर पावसात अशीच थांबली होती, रेघ ब्लिंक, चावी बंद-चालू केली की थोडं अंतर जायची आणि परत तेच. सीट काढून बघितलं तर मायनसच्या बोल्टवर चार रिंगा एकावर एक चढवलेल्या, गाडीची मूळची एक आणि बाकी फॉग लाईट, यूएसबी आणि जीपीएसच्या, ॲक्सेसरी बसवणाऱ्याने सरळ तिथेच अडकवलेल्या. पाना लावला तर बोल्ट घट्ट, अजिबात हलत नव्हता, पण मूळची जाड वायर बोटांनी धरून फिरवली तर रिंग आरामात फिरत होती. रिंगांची थप्पी इतकी झाली होती की बोल्ट जेमतेम आट्यात बसून तिरका अडकला होता आणि रिंगांवर दाब काही येत नव्हता, आणि मधल्या रिंगेवर पांढरी भुकटी. जादाच्या तीन रिंगा काढल्या, मूळची घासून साफ केली, बोल्ट आवळला आणि गाडी तिथून थेट माणगावपर्यंत काही न बोलता गेली. त्यानंतर ॲक्सेसरीज वेगळ्या फ्यूज बॉक्सवरून रिलेने घेतल्या आणि तक्रार कायमची संपली.

म्हणून बोल्टला पाना लावून समाधान मानू नका, वायर हाताने फिरवून बघा. आणि मल्टिमीटर असेल तर ही टेस्ट करा, एक टोक बॅटरीच्या मायनस पोस्टच्या धातूवर टेकवा, बोल्टवर किंवा रिंगवर नाही, पोस्टवरच, आणि दुसरं टोक इंजिनच्या केसवर रंग नसलेल्या जागी, मग सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगच्या रस्त्यात कुठेतरी गंज किंवा ढिलेपणा आहे. प्लसच्या बाजूला स्टार्टर रिलेपर्यंत पण असंच करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि यात कळतं ते कुठल्याही कॉम्प्युटरला लवकर कळत नाही.

साईड स्टॅण्डचा स्विच

पावसाळ्यात आणि धुतल्यानंतर डी लागत नसेल, किंवा डी टाकला की इंजिनच बंद पडत असेल तर पहिला संशय यावर. तो बसतो अगदी चिखल उडतो तिथे, आपल्याकडची लाल माती आत जाऊन वाळली की काम झालं. वॉशिंग सेंटरवाले प्रेशरचा पाईप जवळून मारतात तो पण यालाच लागतो.

तपासायची पद्धत सोपी. सपाट जागेवर गाडीवर बसा, इंजिन चालू, एन मध्ये, स्टॅण्ड वर. पायाने स्टॅण्ड अजून वर दाबून धरा आणि डी टाका. दाबून धरल्यावर लागतो आणि सोडल्यावर नाही, तर स्विच किंवा स्टॅण्डच्या पिव्हॉटचा बोल्ट ढिला झालाय, स्टॅण्ड थोडा लोंबतो आणि स्विचला वाटतं खाली आहे. स्प्रिंग कमजोर झाली असेल तरी हेच. नुसतं पिव्हॉट साफ करून ग्रीस लावून बोल्ट नीट आवळल्यावर कित्येक गाड्या सुधारतात. तरीही फरक नसेल तर कनेक्टर सोडवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा आणि स्टॅण्ड वर असताना स्विचची वायर थोडी हलवा, बीप तुटत असेल तर स्विच बदलायचा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चालतो काही महिने, पण परत येतो.

हा स्विच बायपास करून द्यायला काही गॅरेजवाले तयार असतात, दोन वायरी जोडल्या की झालं म्हणतात. रस्त्यात अडकलात तर घरी पोचायला ठीक, पण तसंच ठेवून चालवू नका. दोनशे किलोच्या वरची गाडी, स्टॅण्ड खाली राहिला आणि डावं वळण आलं तर काय होतं ते सांगायला नको.

हँडलवरचे स्विच आणि वायरिंग

डी-एन चा स्विच उजवीकडे, प्लस-मायनस डावीकडे. सगळं या बटणांवर असल्यामुळे आत धूळ, पाणी, गंज गेला की गाडी बटण दाबलंच नाही असं समजते, किंवा उलटं, मायनस आत अडकून राहतं आणि गाडी सारखी खालच्या गिअरला यायला बघते. बटण दाबल्यावर स्पष्ट क्लिक लागतो का आणि ते पूर्ण बाहेर येतं का हे आधी बोटाला जाणवतं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, अलिबाग, रत्नागिरी, गोवा, इकडे जास्त लक्ष द्या, खारी हवा कॉन्टॅक्ट हिरवे करून टाकते. डब्ल्यूडी-४० मारून सोडून देऊ नका, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा, सुकू द्या, आणि कनेक्टरला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. पायाने गिअर टाकायची ॲक्सेसरी लिव्हर बसवली असेल तर तीही शेवटी एक स्विचच आहे, गिअरबॉक्सला ती कुठे जोडलेली नाही, तिचा कनेक्टर पण काढून बघा.

हँडल रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) लावलेत का? मग गाडी एन मध्ये चालू ठेवून हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवा आणि मीटरकडे बघत रहा. काहीतरी चमकलं, दिवा लागला, आयडल बदलला, तर वायरिंग ताणलं जातंय. रायझरमुळे हार्नेस (वायरींचा जुडगा) जेमतेम पुरतो आणि स्टिअरिंग हेडजवळ आतली तार इन्सुलेशन शाबूत ठेवून तुटते, बाहेरून काहीच दिसत नाही. असे प्रॉब्लेम शोधायला लोकांनी महिने घालवलेत.

ऑईल

ऑईल हे या गाडीचं क्लच दाबणारं ऑईलच आहे म्हटल्यावर त्यात काटकसर नको. होंडाने सांगितलेलं १०डब्ल्यू-३०, जासो एमए (बाईकच्या ऑईलमधल्या क्लचसाठीचं मानक) दर्जाचं, कारचं "फ्युएल सेव्हिंग" वालं अजिबात नाही, त्यात फ्रिक्शन कमी करणारे पदार्थ असतात आणि क्लच घसरायला लागतात. आरपीएम वाढतो पण स्पीड वाढत नाही असं नुकत्याच ऑईल बदलल्यानंतर व्हायला लागलं असेल तर बिल काढून ग्रेड बघा.

लेव्हल तपासताना पण घोळ होतात. इंजिन तीन ते पाच मिनिटं आयडलवर चालवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी धरा, डिपस्टिक पुसून आत घाला पण आटे आवळू नका, आणि मग बघा. साईड स्टॅण्डवर तिरकी ठेवून बघितलेली लेव्हल काही कामाची नाही. दुसरं म्हणजे डीसीटीला इंजिनच्या ऑईल फिल्टरशिवाय क्लचसाठी एक वेगळा छोटा फिल्टर असतो, साध्या गॅरेजमध्ये तो कोणाला माहितीच नसतो आणि गाडी कितीही किलोमीटर चालली तरी मूळचाच राहतो. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर तो बदलल्याची नोंद आहे का बघा, नसेल तर सरळ बदलून टाका, गाडीच्या मानाने अगदी स्वस्त आहे.

एवढं करूनही जात नसेल तर

आता सेन्सर आणि आतल्या भागांकडे यायचं. इथे एक गोष्ट स्वतः चालवताना बघता येते आणि ती फार उपयोगी पडते. मॅन्युअल मोडमध्ये मोकळ्या रस्त्यावर एकेक गिअर चढवा आणि उतरवा. त्रास फक्त १, ३, ५ ला होतोय का फक्त २, ४, ६ ला? फक्त विषम गिअरना झटका किंवा स्लिप असेल तर पहिल्या क्लचचा सोलेनॉइड, प्रेशर सेन्सर किंवा तो क्लच, सम गिअरना असेल तर दुसऱ्याचा. दोन्हीकडे सारखाच असेल तर दोन्हीला समान असलेल्या गोष्टी, म्हणजे ऑईल, व्होल्टेज, शिफ्ट मोटर, तिचा अँगल सेन्सर. आणि नेहमी एकाच जोडीत अडकत असेल, समजा कायम २ वरून ३ लाच, तर गिअर पोझिशन सेन्सर आणि शिफ्ट ड्रमचा भाग. रेघेबरोबर एबीएस आणि ट्रॅक्शनचा दिवा पण लागत असेल तर चाकांचे स्पीड सेन्सर साफ करा, टायर बदलताना सेन्सरची वायर दाबली गेली का ते बघा.

सर्व्हिस सेंटरला गेलात तर पहिली विनंती ही करा की ईसीयूत साठलेले बिघाडाचे कोड पुसायच्या आधी लिहून द्या. घाईत आधी पुसतात आणि मग "काही दिसत नाही" म्हणतात. आधीच्या मॉडेल्सना सीटखालच्या डायग्नोस्टिक कनेक्टरवरून कोड दिव्याच्या ब्लिंकवर वाचता येतात, लांब ब्लिंक म्हणजे दहा आणि छोटा म्हणजे एक, दोन लांब आणि तीन छोटे म्हणजे २३. कोडचा अर्थ त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच बघा, दुसऱ्या गाडीचा तक्ता लावू नका. आणि कोड म्हणतो "प्रेशर सेन्सर" म्हणून लगेच सेन्सर बदलायचा नसतो, आधी त्याचा कनेक्टर, वायर, त्याला येणारा करंट, मग सेन्सर.

क्लच इनिशियलाईज करायची एक प्रोसिजर आहे, तीही मागून घ्या. प्लेट झिजल्या की क्लच कुठे पकडतो ती जागा सरकते, या प्रोसिजरमध्ये गाडी ती परत शिकते. आयडलला गाडी पुढे सरकू बघते, पहिल्यात निघताना धक्का बसतो, सिग्नलला थांबताना हिसका येतो, अशा तक्रारींना याने चांगला फरक पडतो. इंजिन गरम लागतं, बॅटरी भरलेली लागते, गाडी सपाट जागेवर लागते आणि बटणं दाबायचा क्रम मॉडेलप्रमाणे वेगळा, म्हणून कुठला तरी व्हिडिओ बघून दुसऱ्या गाडीचा क्रम वापरू नका. पण ज्या गाडीला करंटचा प्रॉब्लेम आहे तिला हे करून काही मिळणार नाही, उलट अर्धवट राहिलं तर अजून गोंधळ. आधी बॅटरी आणि स्विच, मग हे. सोलेनॉइड आणि क्लच पॅक सगळ्यात शेवटी, ते महाग आहेत आणि मागवावे लागतात.

रस्त्यात झालं तर

चालत्या गाडीत रेघ ब्लिंक व्हायला लागली तर चावीला हात लावू नका, इंडिकेटर देऊन बाजूला घ्या, गाडी कधी एकाच गिअरमध्ये अडकून चालत राहते तर कधी ओढणंच बंद होतं, दोन्हीसाठी तयार रहा. थांबल्यावर एन दाबा, चावी बंद करा, अर्धा मिनिट थांबा, स्टॅण्ड वर घेऊन गाडीवर बसूनच परत स्टार्ट करा आणि थ्रॉटल सोडून डी टाका. लागला तर हळू निघा आणि मॅन्युअल मोडमध्ये कमीत कमी गिअर बदलत जवळच्या गावापर्यंत जा. नाही लागला तर बॅटरीच्या दोन्ही वायरी हलवून बघा, स्टॅण्डच्या स्विचवर पाण्याची बाटली ओतून चिखल काढा आणि स्टॅण्ड चार-पाच वेळा वर-खाली करा.

तरीही नाहीच, तर धक्का मारून स्टार्ट करायचा प्रयत्न करू नका, त्यात नुसता दम जातो. इंजिन बंद असलं की क्लच सुटलेले असतात त्यामुळे ढकलून बाजूला घेता येते, पण दोरी बांधून ओढत नेऊ नका, छोटा हत्ती बोलवा. टेम्पोत चढवल्यावर पट्टे बांधायच्या आधी पार्किंग ब्रेक ओढा, गिअरमध्ये टाकून ठेवायची सोय या गाडीला नाही आणि पहिल्याच घाटात ती मागे सरकायला लागते.